गोड्या पाण्याची काठी, खारी खाडी

मुलाने अमेरिकेहून येताना माझ्यासाठी मासे धरायची एक काठी आणली. तिकडे तिला ‘फ्लाय रॉड’ म्हणतात. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावायची नाही. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. माशीला वजन असे नसतेच. वजन असते ते दोरीला. काठी मागेपुढे झुलवून दोरी हवेत उलगडायची आणि माशी अलगद पाण्यावर टेकवायची. हा सारा सरंजाम थंड नद्यांतल्या ट्राउट माशासाठी. तलासरीकडच्या एका ओढ्यावर मी तो चालवून पाहिला, दोन बोटभर मासे लागलेही. एवढ्याशा भांडवलावर मी थेट डहाणूची खाडी गाठली. बँकेत जन्म काढलेल्या माणसाने हे करायला नको होते!

दुपारचा समुद्रावरचा वारा सुटलेला. दोरी उलगडायची ती माझ्याच टोपीवर येऊन बसे. एकदा मात्र काहीतरी जोरात लागले, बहुधा जिताडा, आणि क्षणात दोरा कापून गेले. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, हे बाजारात ठाऊक होते. गळ टाकताना आठवले नाही. आठवड्याने पाहतो तो काठीची चकरी फिरेना. आत मीठ साकळले होते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ती गोड्या पाण्याने धुवायची असते.

वारा आणि मीठ यांवर उपाय आहेत. दणकट काठी, जाड दोरा, बादलीभर पाणी. नाजूक काठीचा खरा दोष निराळा. मोठा मासा तिने ओढायला फार वेळ लागतो. तो इतका दमतो की सोडून दिला तरी जगेलच असे नाही. आणि मोठा जिताडा म्हणजे बहुधा मादी. हा मासा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. अंडी खाऱ्या पाण्यात, पिल्ले मात्र खाडीतून गोड्या पाण्याकडे सरकतात. वरच्या ओढ्यांचे पाणी आणि खालचा समुद्र, दोन्ही त्याला हवे.

माझी फजिती एक म्हातारा तांडेल बघत होता. त्याने विचारले, “सायेब, आज तिथी कोणती?” मी घड्याळ बघून आलो होतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते: अष्टमीला सहा, पुनव-अवसेला सव्वाअकरा-बारा. उधाणाचे पाणी वेगळे, भांगाचे वेगळे. खंबायतच्या आखाताकडे जावे तसा हा चढउतार वाढत जातो. बोर्डीला ओहोटीत समुद्र केवढा तरी आत जातो. कोणत्या पाण्याला मासा खाडीत शिरतो, हे त्या माणसाच्या अंगवळणी पडलेले. मी नोकरीत असताना होड्यांना कर्जे मंजूर केली. अर्जात होडी, इंजिन, जाळी यांचे रकाने होते. पाण्याचा नव्हता, आणि तो हवा असे मलाही कधी वाटले नाही.

आता तोच रकाना फार मोठ्या कागदावर राहून जातो की काय, अशी धास्ती वाटते. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 1998 मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या प्राधिकरणाने वाढवणचे बंदर नाकारले. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली आणि जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 76,220 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटारोधक बांध, असा आराखडा आहे. बंदर नकोच, असे म्हणण्याएवढा माझा अभ्यास नाही. पण तिथी विचारणाऱ्या माणसांना आराखडा पक्का होण्याआधी कोणी समोर बसवून ऐकले का, हे विचारण्याचा हक्क मला आहे.

परवा चकरी तेल घालून पुन्हा खाडीवर नेली. तांडेलाने ती फिरवून पाहिली, परत दिली आणि म्हणाला, “सायेब, तुम्ही बँकेतले, कागद वाचता. एवढा बांध झाला तर भांगाचं पाणी कुठून फिरेल, ते लिवलंय काय त्यात?”

मी म्हटले, “बघून सांगतो.” अजून बघतोच आहे.