कॉलेज मागाहून, वसतिगृह आधी!

मृगाचा पाऊस आणि कॉलेजचे प्रवेश हे दोन्ही एकाच सुमारास आमच्या घरी येतात. बी-बियाणे, खत आणि मुलाची फी या तिघांची गाठ एकाच पिशवीशी पडते, व ती पिशवी त्या वेळी बहुधा रिकामी असते. अशा घाईत बाप मुलास घेऊन शहरास जातो, कॉलेजची फी भरतो, पावती घडी करून खिशात ठेवतो, आणि मोठे काम उरकले असे समजून संध्याकाळच्या एस. टी. ने परत येतो. मुलगा राहणार कोठे, खाणार काय, निजणार कोणाजवळ, याचा विचार ‘होईल काही तरी’ एवढ्यावरच संपतो. आमचे म्हणणे असे की, शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलाचे शिक्षण बुडते ते बहुतेक वेळा या ‘होईल काही तरी’ मध्येच बुडते.

बैल घेताना आम्ही दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, चार जाणत्यांस विचारतो आणि मगच उपरण्याखाली हात देतो. मग पोटच्या पोराची तीन-चार वर्षे ज्या छपराखाली जायची, ते छप्पर न पाहता आम्ही कसे ठरवतो?

आमच्या परिचयाच्या एका सुताराच्या मुलाची हकीगत सांगतो. मुलगा हुशार, बारावीस चांगले गुण पडले, मोठ्या शहरात प्रवेश मिळाला. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज भरण्याची मुदत निघून गेली होती, कारण कॉलेजचा अर्ज आणि वसतिगृहाचा अर्ज हे दोन वेगळे असतात, हे त्या घरात कोणासच ठाऊक नव्हते. मग मोबाइलवर झकपक चित्रे पाहून एका खासगी ‘होस्टेल’मध्ये खाट घेतली. दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून दिले. कागद काही घेतला नाही. तिसऱ्या महिन्यात जेवण बंद झाले, भाडे मात्र कमी झाले नाही. पोराने घरी कळवले नाही. बापाने रंधा घासून पैसे पाठवायचे, ते आणखी कोणत्या तोंडाने मागायचे? तो रात्री घरोघर जेवणाचे डबे पोचवू लागला, सकाळी वर्गात पेंगू लागला, दोन विषयांत नापास झाला आणि दिवाळीस घरी आला तो परत गेलाच नाही. अनामतही गेली. गावाने म्हटले, ‘पोरात दम नव्हता.’ आम्ही म्हणतो, पोरात दम होता. त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते.

ज्यांच्या घरात तीन पिढ्या कॉलेजात गेल्या, त्यांच्या मुलास वसतिगृह म्हणजे केवळ निजण्याची जागा. त्याचा मामा शहरात असतो, आते प्राध्यापक असते, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी निघतो हे त्यास जेवताना कानावर पडते. आमच्या मुलाचा मामा ऊसतोडीस गेलेला असतो किंवा हातमागावर बसलेला असतो. तेव्हा ज्याचा मामा शहरात नाही, त्याचा मामा वसतिगृह हाच. कोणता विषय घ्यावा, जुनी पुस्तके कोठे मिळतात, इंग्रजीची भीती कशी घालवावी, कोणत्या दाखल्यावर कोणाची सही लागते, हे सारे त्यास वर्गात कोणी सांगत नाही. खोलीतला वरच्या वर्गातला सोबती सांगतो. म्हणून वसतिगृह निवडणे हे भाडे ठरवण्याचे काम नसून मुलास नवे घर पाहून देण्याचे काम आहे.

ही गोष्ट आमच्या पूर्वसूरींनी फार आधी ओळखली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १८९६ साली राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. परंतु कारभार ज्यांच्या हाती त्यांचीच मुले तेथे राहिली, व ते थोड्याच काळात एका जातीचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी वाट बदलली. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. ज्यास कोणी पंक्तीस घेत नव्हते, त्यास स्वतःची पंगत मिळाली. शाळा तर आधीही होत्या. पण खेड्यातून आलेल्या मुलास राहण्या-जेवण्याची सोय झाली तेव्हाच त्या त्याच्या कामास आल्या.

पुढची हकीगत याहून बोधप्रद आहे. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी गेला. परत आल्यावर तो ज्या बोर्डिंगात राहत होता तेथील चालकांनी त्यास स्नान करून शुद्ध होण्यास फर्मावले. त्याने नकार दिला व त्यास बोर्डिंग सोडावे लागले. ज्या मुलास एका जातीच्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले, त्यानेच पुढे १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली व १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले की, जेथे सर्व जातींची व धर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीस जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. पाहा, जातवार बोर्डिंगे काढणाऱ्या राजाचेच नाव सर्व जातींच्या बोर्डिंगास मिळाले. यात विसंगती नाही. पहिली पायरी चढल्यावाचून दुसरी येत नाही. पण पहिल्या पायरीवर कायमचे बिऱ्हाड करावयाचे नसते.

आता आमचे मत स्पष्ट सांगतो, कोणास राग येवो. मुलास निवडीची सोय असेल तर आपल्या जातीच्या बोर्डिंगापेक्षा सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह निवडावे. ‘आपल्या माणसांत बरे’ असे बाप म्हणतो. घरी अठरा वर्षे तो आपल्याच माणसांत राहिला. आता तरी त्यास कोष्ट्याचा, धनगराचा, महाराचा, मुसलमानाचा, आणि होय, ब्राह्मणाचाही मुलगा शेजारच्या खाटेवर निजलेला पाहू द्या. एका ताटातली चटणी दोघांनी खाल्ली म्हणजे जे कळते ते शंभर व्याख्यानांनी कळत नाही. गरिबीने दुसरा इलाज नसेल तर जातीचे बोर्डिंग खुशाल पत्करावे. त्यात कमीपणा नाही, ते आपल्याच आजोबांच्या वर्गणीतून उभे आहे. परंतु काही ठिकाणी बोर्डिंगाच्या जागेत गाळे निघाले, मंगल कार्यालय निघाले, आणि मुलांच्या खोल्या तेवढ्या गळक्याच राहिल्या. अशा विश्वस्तांस आम्ही विचारतो, आजोबांनी धान्याच्या पायल्या दिल्या त्या वऱ्हाडासाठी की विद्यार्थ्यांसाठी? आणि नुसती ‘सर्वांसाठी’ अशी पाटी पाहूनही भुलू नये. १८९६ चा धडा विसरू नका. पाटीपेक्षा आत कोण राहतो आणि कारभार कोण पाहतो, हे विचारावे.

आता पाहणी कशी करावी ते सांगतो. पुढारी किंवा शिफारसपत्र बरोबर नेऊ नये. मुलास व शक्य तर त्याच्या आईस न्यावे. आई जे पाहील ते तुम्ही पाहणार नाही. रेक्टरची कचेरी पाहून परतू नये. जेवणाच्या वेळी जावे, पैसे देऊन तेथे एक वेळ जेवावे. पाण्याची टाकी आणि संडास पाहावे. ज्या वसतिगृहाचे संडास नीट आहेत त्याचे बाकीचे बहुधा नीट असते. रेक्टर आवारात राहतो की नाही, रात्री मूल आजारी पडले तर दवाखान्यात कोण नेतो, हे विचारावे. मग रेक्टरास सोडून दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना बाजूस घेऊन विचारावे. खरी माहिती तेथे मिळेल.

खानावळ ठेकेदाराची आहे की मुलांच्या मंडळाची, हे विचारावे. मुले स्वतः चालवतात आणि महिन्याचा हिशेब फळ्यावर लावतात, तेथे बहुधा पोटभर मिळते व खर्च आटोक्यात राहतो. शिवाय मुलगा हिशेब शिकतो. रविवारी रात्री खानावळ बंद असते, सुटीत बंद असते, तो खर्च वेगळा धरावा. खोलीभाडे, अनामत, जेवण, वीज, बसभाडे असे दहा महिन्यांचे सारे एका कागदावर मांडावे. आणि पैसा कधी द्यावा लागतो हेही पाहावे. आमचा पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, उसाचे बिल हप्त्याने येते. खानावळवाला मात्र दर एक तारखेस हात पुढे करतो. फी दोन हप्त्यांत घेणारे वसतिगृह थोडे जुने असले तरी आम्हास तेच परवडते.

स्वस्त म्हणून फार लांबची खोली घेऊ नये. जाण्या-येण्यात रोज दोन तास गेले तर कॉलेजच्या दोनशे दिवसांत चारशे तास बसमध्ये जातात. तसेच पैसे असले तरी पहिल्या वर्षी एकट्याची खोली घेऊ नये. खेड्यातून आलेले पोर चार भिंतींत एकटे पडले की त्याचे दुःख कोणास दिसत नाही. तिघा-चौघांत असले तर एकाने जेवण टाकले हे दुसऱ्याच्या ध्यानात येते.

छळाची भीती अनेकांस वाटते. तिला उत्तर आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे व त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे नव्या विद्यार्थ्यांस शक्यतो वेगळ्या भागात ठेवावयाचे असते. ही व्यवस्था आहे काय, असे विचारण्यास बापाने लाजू नये. जातीवरून टोमणे मारणे हा थट्टेचा प्रकार नव्हे. तो मुकाट्याने सोसू नकोस, असे मुलास निघतानाच सांगून ठेवावे.

मुलींविषयी दोन शब्द अधिक. हजार पानांची पंगत उठवून लग्न करणारा बाप मुलीच्या खोलीच्या पाच हजारांसाठी कुरकुर करतो आणि ‘रोज येऊन-जाऊन कर’ म्हणतो. मग पहाटेची एस. टी. चुकली की तास बुडतो, तास बुडाले की परीक्षा बुडते, आणि परीक्षा बुडाली की स्थळे पाहण्यास मोकळीक होते! सावित्रीबाईंच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांनी हे मनास विचारावे. मुलींचे वसतिगृह पाहताना कुलूप किती वाजता लागते आणि अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी असते, हे दोन्ही विचारावे. अभ्यासिका दहापर्यंत उघडी आणि मुली सातलाच कोंडलेल्या, तर ती अभ्यासिका मुलांपुरतीच झाली. सुरक्षिततेचे निमित्त करून मुलींवर मुलांपेक्षा निराळे नियम लादू नयेत, असे आयोगाच्या २०१५ च्या नियमावलीत लिहिलेले आहे. भिंत उंच म्हणून मूल सुरक्षित होत नाही. हाक ऐकणारे माणूस जवळ असले म्हणजे होते.

सरकारी मदतीचीही माहिती ठेवावी. समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासींसाठी स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. मात्र भत्ता खात्यावर पडेल तेव्हा पडेल. पहिल्या तीन महिन्यांची सोय घरून करून ठेवावी. शिवाजी विद्यापीठ व पुणे विद्यापीठ यांत ‘कमवा व शिका’ योजना आहेत. मुलाने चार तास काम केले तर आपली अब्रू जात नाही. साताऱ्याची ती मुले कुदळ मारून शिकली, हे आपण सभेत अभिमानाने सांगतो. मग आपल्या पोराच्या हाती झाडू दिसला तर का चरकतो?

शेवटी ज्यांची मुले शिकून नोकरीस लागली त्यांस एक विनंती. तुम्ही ज्या वसतिगृहाच्या भाकरीवर शिकलात, तेथे वर्षातून एकदा तरी जा. कोणाची अनामत भरा, कोणास जुनी पुस्तके द्या, निदान गावातल्या नव्या मुलास तेथवर पोचवा व अर्जाची तारीख सांगा. त्या सुताराच्या पोरास एवढी एक तारीख कोणी सांगितली असती तरी आज तो पदवीधर झाला असता. आणि बाबांनो, या वर्षी मुलास शहरास न्याल तेव्हा संध्याकाळच्या एस. टी. ची घाई करू नका. एक रात्र तेथे राहा, त्याची खाट पाहा, त्याच्या सोबत्यांची नावे विचारा, आणि मगच पेरणीस परत या.