सूर पापक्षालन करीत नाहीत

चर्चच्या दारात वधू पित्याचा हात धरून उभी राहते, मंडळी मागे वळून पाहतात आणि ऑर्गनवर ते ओळखीचे सूर उमटतात. विधी आटोपून नवदांपत्य बाहेर पडते, तेव्हा दुसरी एक सुरावट दुमदुमते. आपल्या कितीतरी घरांतील लग्ने या दोन सुरावटींच्या साक्षीने लागली आहेत. पहिली रिखार्ड वाग्नरच्या ‘लोहेनग्रीन’ या ऑपेरामधली; दुसरी फेलिक्स मेंडेल्सनची. एकाच वेदीसमोर आपण या दोघांना शेजारी बसविले आहे. वाग्नरला हा शेजार मुळीच मानवला नसता.

‘लोहेनग्रीन’चा पहिला प्रयोग २८ ऑगस्ट १८५० रोजी वायमार येथे झाला. त्यानंतर काही दिवसांतच वाग्नरने ‘संगीतातील ज्यूपणा’ हा लेख टोपणनावाने प्रसिद्ध केला. ज्यू माणसाच्या हातून अस्सल कलाकृती निर्माण होणेच शक्य नाही, असे त्याचे प्रतिपादन. मेंडेल्सनला जाऊन अवघी तीन वर्षे झाली होती. त्याच्या ज्यू कुळाकडे बोट दाखवून वाग्नरने त्याची प्रतिभा उथळ ठरविली. ज्या मायरबेअरने वाग्नरला पैसा दिला आणि त्याचा ऑपेरा रंगभूमीवर यावा म्हणून शब्द टाकला, त्याचे नाव न घेता त्याच्यावरही वार केला. उपकाराची ही परतफेड!

ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबावे. मेंडेल्सनचा स्नानसंस्कार बालपणीच, १८१६ साली झाला होता. परंतु ज्यू माणसाचे मूळ स्नानसंस्काराच्या पाण्यानेही धुतले जात नाही, असे वाग्नरचे म्हणणे. म्हणजे त्याचा द्वेष धर्माचा नव्हता, रक्ताचा होता. याच तर्काने नाझींनी पुढे मेंडेल्सनचे संगीत बंद पाडले आणि १९३६ साली लाइपझिगमधील त्याचा पुतळा हटविला. वाग्नर १८८३ मध्येच वारला होता. नाझींच्या कृत्यांचा कर्ता त्याला म्हणता येणार नाही. पण त्यांनी ज्या विहिरीचे पाणी प्याले, तिच्यात विष कालवणाऱ्यांपैकी तो एक होता.

यावर रसिकांचा एक वर्ग म्हणतो, “कला नीतीच्या पलीकडची. गाणे ऐका, माणूस विसरा.” हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. माणूस विसरायचा म्हणजे त्याने ज्यांना घायाळ केले त्यांनाही विसरायचे. दुसरे कोणी दाविदाचा दाखला देतात: तोही पापी होता, तरी त्याची स्तोत्रे आपण गातोच ना? गातो. पण नाथान संदेष्ट्याने जाब विचारताच दावीद कोसळला, त्याने पाप कबूल केले. वाग्नरने काय केले? एकोणीस वर्षांनी, १८६९ साली, तोच लेख वाढवून, या खेपेस स्वतःच्या नावानिशी, पुन्हा छापला. अपराधी आणि पश्चात्तापी यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने पापनिवेदनाच्या संस्काराविषयी बोलू नये.

मग हे संगीत टाकूनच द्यावे काय? तेही नाही. १८८२ साली बायरॉइट येथे ‘पार्सिफाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचे संचालन केले ते हेर्मान लेव्ही या राबीपुत्राने. स्नानसंस्कार घे, असा वाग्नरचा त्याच्यामागे लकडा होता. मेंडेल्सनला जे पाणी पावले नाही, ते लेव्हीला कसे पावणार होते? लेव्हीने धर्म सोडला नाही आणि संगीतही सोडले नाही. बलाम शाप द्यायला निघाला आणि त्याच्या मुखातून आशीर्वाद बाहेर पडला. परमेश्वराचे दान पात्राची योग्यता पाहून उतरत नाही. म्हणूनच त्या दानाच्या तेजाने पात्रही पवित्र झाले, असे मात्र मानू नये.

ज्यांनी सोसले, त्यांना ऐकण्याची सक्ती करण्याचा अधिकारही कोणाला नाही. १९८१ साली आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी तेल अविव येथे वाग्नर वाजविण्यास प्रारंभ केला, तेव्हा सभागृहात प्रक्षोभ उसळला. त्या श्रोत्यांना अरसिक म्हणणे सोपे आहे. ज्यांच्या आप्तांची राख झाली, त्यांच्या कानांना आपण रसिकतेचे धडे देऊ नयेत.

आणि आपले काय? गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील ज्यूंविषयीचा अवमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढला; ज्यूद्वेषाचा स्पष्ट निषेध दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली केला. त्याआधीची शतके आपल्याही खाती जमा आहेत. इतके दूर तरी कशाला जावे? स्थळ पाहताना ‘मूळचे कोण?’ असे हळूच विचारणारी ख्रिस्ती घरे आजही आहेत. एकाच कुंडातले पाणी शिरावर घेतलेल्यांची जात शोधणे आणि वाग्नरचा तो लेख यांत अंतर किती?

तेव्हा ऑर्गनवादकाने ते सूर खुशाल वाजवावेत. पण वधूपित्याने मुलीला एवढे सांगून ठेवावे: तू ज्याच्या सुरांवर आत येशील त्याने, ज्याच्या सुरांवर बाहेर पडशील त्याला परका म्हटले होते. सांगताना त्याने स्वतःलाही विचारावे, जावई निवडताना आपण कोणाला परके ठरविले?