जायफळाचा हिशेब

श्रीखंडात किसून घालतो ते जायफळ सतराव्या शतकात व्यापारासाठी येई ते फक्त आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून. तिथल्या लोकांचा गुन्हा एवढाच, की डचांशी करार असूनही ते इंग्रजांना माल विकत. १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून आरमार घेऊन उतरला. ४४ प्रमुखांची मुंडकी जपानी भाडोत्री सैनिकांकडून उडवली गेली. सुमारे १५,००० वस्तीतले जेमतेम हजारभर तिथे उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, गुलाम झाले किंवा पळाले. बागांत राबायला मग बाहेरून गुलाम आणले. (याच कूनचा पुतळा त्याच्या गावाने, होर्नने, १८९३ मध्ये उभारला.) व्यापाराच्या इतिहासात नफ्याचे आकडे ठळक छापतात, माणसांचे तळटीपेत. या अंकात आम्ही तळटिपांपासून सुरुवात केली आहे.