हातवारे आणि खेळ

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्यामागोमाग दोन पक्षही येतात : एक त्याची आरती ओवाळणारा, दुसरा त्याच्या नांवानें बोटें मोडणारा. दूरचित्रवाणी आली तेव्हां हें झालें, संगणक आला तेव्हां झालें, आणि मोबाइलच्या बाबतींत तर तें अजून चालूंच आहे. हातवाऱ्यांनीं चालणारें खेळयंत्र, म्हणजे बाजारांत ज्याला कन्सोल म्हणतात तें, ह्या नियमाला अपवाद नाहीं. लातूर-नांदेडकडील ज्या घरांत मुलगा सकाळीं शिकवणीला बसतो, दुपारीं महाविद्यालयांत बसतो आणि रात्रीं अभ्यासिकेंत बसतो, त्या घरच्या वडील मंडळींस अशा यंत्राची भुरळ पडावी हें स्वाभाविक आहे. 'लातूर पॅटर्न'नें मुलांच्या पदरांत गुण पुष्कळ टाकले, पण त्यांच्या पायांखालचें मैदान काढून घेतलें; मग निदान दिवाणखान्यांत तरी त्यांचे हातपाय हालोत, असा हा हिशेब. उलट, ज्यांचे अंगठे बटणांवर तयार झाले आहेत असे तरुण ह्याच यंत्राला 'पोरखेळ' म्हणून नाक मुरडतात. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि त्यांच्या भांडणांत खरा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. तो प्रश्न असा : खेळणारा जी हालचाल करतो, तिला त्या खेळांत कांहीं अर्थ आहे काय?

वादांत उतरण्यापूर्वीं यंत्राची थोडी ओळख करून घेणें बरें. निन्टेंडो ह्या जपानी कंपनीनें २००६ सालीं 'वी' हें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या रिमोटच्या पोटांत हालचालीच्या वेगांतील फरक मोजणारें उपकरण होतें आणि टोकाला अवरक्त प्रकाश टिपणारा कॅमेरा होता. टीव्हीपाशीं ठेवावयाच्या पट्टीला 'सेन्सर बार' असें भारदस्त नांव दिलेलें होतें. परंतु ती बिचारी कांहींच जाणत नसे. दोन टोकांना अवरक्त दिवे, एवढाच तिचा संसार; पाहणारा डोळा खेळणाऱ्याच्या मुठींत होता. मनगटाचें वळणें अधिक नेमकें कळावें म्हणून २००९ सालीं त्याला 'मोशनप्लस' हा जोड मिळाला. २०१० सालीं सोनीचा 'मूव्ह' आला; त्याच्या टोकावरील उजळ गोळ्यावर कॅमेरा नजर ठेवी. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टच्या 'किनेक्ट'नें हातांतली वस्तूच काढून टाकली आणि सबंध देहाचा कंट्रोलर केला. 'वी' यंत्रें दहा कोटींहून अधिक खपलीं. आज तीं जुन्या मालांतच मिळतात, आणि 'किनेक्ट'चें उत्पादनही २०१७ सालीं थांबलें. पण त्याच वर्षीं निघालेल्या निन्टेंडोच्या 'स्विच'नें ही विद्या पुढें चालविली. तेव्हां हा वाद कांहीं शिळा झालेला नाहीं.

आतां पहिला पक्ष. त्याचा सगळा भर आरोग्यावर आहे. 'मुलगा खेळतोही आणि हालतोही', एका खर्चांत दोन पुण्यें! ह्या पक्षानें 'वी स्पोर्ट्स' हा खेळ एकवार नीट पाहावा. बहुतेक देशांत तो यंत्राबरोबरच मिळे आणि त्याच्या प्रती आठ कोटींहून अधिक गेल्या. त्यांतील टेनिसमध्यें चेंडूमागें धांवण्याचें काम यंत्र स्वतःच करतें. खेळणाऱ्यानें फक्त वेळेवर रॅकेट फिरवावयाची. पहिल्या दिवशीं मुलगा उभा राहून, खांद्यापासून हात फिरवून, घामाघूम होऊन खेळतो. आठवड्याभरांत त्याच्या ध्यानांत येतें कीं सोफ्यावर रेलून मनगट नुसतें झटकलें तरी चेंडू तसाच परततो. मग तो रेलतो. त्यांत त्याचा आळस नाहीं; ज्या श्रमाला फळ नाहीं तो श्रम शहाणा माणूस टाळतोच. दोष खेळाचा आहे, कारण त्यानें पुरा हात आणि नुसतें मनगट ह्यांत भेदच केला नाहीं. ज्या लातूर जिल्ह्यानें हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांसारखे मल्ल दिले, त्या जिल्ह्यांतील पालकानें अशा झटक्याला व्यायाम म्हणावें हा विनोदच नव्हे काय? व्यायामासाठीं तालीम आहे, मैदान आहे, नाहीं तर मोकळा रस्ता तरी आहे. तेथें मुलाला पाठविण्याचें कर्तव्य यंत्र विकत घेऊन फेडतां येणार नाहीं.

ह्या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो आमचेंच म्हणणें बळकट करतो. २०१९ सालीं 'स्विच'साठीं 'रिंग फिट ॲडव्हेंचर' हा खेळ निघाला. त्यांत हातीं एक लवचीक कडें असतें. तें किती जोरानें दाबलें वा ताणलें तें यंत्र मोजतें. मांडीला पट्ट्यानें दुसरा कंट्रोलर बांधलेला असतो, आणि जागच्या जागीं धांवल्याखेरीज खेळांतला नायक पाऊल टाकीत नाहीं. येथें श्रमाचा हिशेब ठेवला जातो, म्हणून येथें श्रम होतात.

आतां दुसरा पक्ष. तो म्हणतो कीं गंभीर खेळ बटणांनींच खेळावा; हातवारे लहान मुलांनीं करावेत. ह्या म्हणण्यांत थोडें तथ्य आणि पुष्कळ अहंकार आहे. बटण ही लिपी आहे. ती शिकावी लागते, शिकल्यावर ती नेमकी आणि वेगवान असते, पण जो शिकला नाहीं त्याला ती मुकी. हातवारा ही बोली आहे. ती जन्मापासून अंगीं असते. घरांतील आजीला सोळा बटणांचा कंट्रोलर हातीं दिला तर ती तो परत करील. तिला 'वी स्पोर्ट्स'मधील बोलिंग दाखवा; हात मागें नेऊन पुढें सोडणें हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. आणि हा खेळ नुसता सोपा आहे असेंही नाहीं. सोडतांना मनगट किंचित् वळलें तर चेंडू वळतो. म्हणजे येथें हाताच्या बारकाव्याला किंमत आहे. अमेरिकेंत वृद्धाश्रमांतील मंडळींनीं हा खेळ आपलासा केला त्याचें कारण हेंच. जो खेळ आजी आणि नातू ह्यांना एका ओळींत उभें करतो, त्याला पोरखेळ म्हणणाऱ्यानें आपल्या गांभीर्याची एकदां तपासणी करावी.

पण हातवारा असला म्हणजे खेळ चांगला झाला, असेंही कोणी समजूं नये. 'लेजंड ऑफ झेल्डा' ह्या एकाच मालिकेंतील दोन खेळ शेजारीं ठेवले म्हणजे भेद स्पष्ट होतो. २००६ सालचा 'ट्वायलाइट प्रिन्सेस' मुळांत बटणांच्या यंत्रासाठीं रचलेला होता. त्याचा नायक डावखुरा. परंतु बहुतेक खेळणारे उजव्या हातानें रिमोट धरणार, म्हणून 'वी'वरील आवृत्तींत निर्मात्यांनीं सगळें जगच आरशांतल्यासारखें उलटें केलें. पूर्वेचें पश्चिम झालें, तलवार उजव्या हातांत गेली. एवढा खटाटोप करूनही रिमोट आडवा झटकला कीं उभा, ह्यावर वाराची दिशा ठरत नसे. तो झटका म्हणजे बटणाचाच दुसरा अवतार, आणि बटणाहून अधिक दमविणारा. २०११ सालचा 'स्कायवर्ड सोर्ड' मात्र हाताला धरून रचला गेला. त्यांत शत्रु ज्या बाजूनें शस्त्र धरून उभा असेल ती बाजू सोडून वार करावा लागतो. आडवा वार आडवाच पडतो, तिरपा तिरपाच. हातांतली चूक पडद्यावर दिसते आणि हातांतलें कौशल्यही दिसतें. पुढें २०२१ सालच्या 'स्विच'वरील आवृत्तींत ज्यांस हात उगारावयाचा नसेल त्यांच्यासाठीं कांडीनें खेळण्याची सोयही ठेवण्यांत आली. नियंत्रणाच्या वादाचा योग्य निकाल आमच्या मतें असाच आहे : हातवारा असा असावा कीं त्यावांचून खेळाचें कांहीं तरी हरवेल, आणि तो सक्तीचा नसावा.

कोणी म्हणेल, हातवाऱ्याचा अर्थ वगैरे सूक्ष्म गोष्टी आमच्या मुलांस कशाला? त्यांना उत्तर आपल्याच अंगणांत आहे. वकट, लेंड, मूंड, नाल हे विटीदांडूंतले शब्द ज्यानें लहानपणीं उच्चारले नाहींत असा जुन्या पिढींतला मराठवाडी माणूस विरळा. हे शब्द म्हणजे तेलुगू आंकडे आहेत. देगलूर-बिलोलीकडच्या माणसाला हें सांगावयास नको. प्रत्येक आंकड्याची टोलवण्याची तऱ्हा निराळी : कधीं विटी पायावर, कधीं मुठीवर, कधीं डोळ्यावर ठेवावयाची. म्हणजे शरीराच्या हालचालीची एक मोजणीच आपल्या पोरांनीं बनविली होती. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या उत्सवांत गतका खेळणारे तरुण ज्यांनीं पाहिले असतील त्यांना मनगटाचा अर्धा इंच म्हणजे काय तें ठाऊक आहे. हातवाऱ्याची एवढी परंपरा ज्या भूमींत आहे, तेथें कोणताही झटका गोड मानून घेण्याचें कारण नाहीं.

खेद हा कीं ह्या परंपरेचा उपयोग यंत्राच्या खेळांसाठीं फारसा कोणी केला नाहीं. मुंबईच्या ट्राइन गेम्सनें सोनीच्या 'मूव्ह'साठीं गल्लींतल्या क्रिकेटचा खेळ रचला, ती दिशा योग्य होती. उलट, लगोरीचा आनंद आपल्याला परक्यांनींच आणून दिला : स्टीव्हन स्पीलबर्ग ह्या चित्रपट-दिग्दर्शकाच्या सहकार्यानें २००८ सालीं निघालेला 'बूम ब्लॉक्स' हा चेंडू फेंकून रचलेले ठोकळे पाडण्याचा खेळ आहे, आणि फेंक किती जोराची ह्यावर त्यांत सारें ठरतें. नांदेडच्या विष्णुपुरींत श्री गुरु गोविंदसिंहजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्यानें विटीदांडूचे सात टोले यंत्राला शिकविले, तर त्याच्या पदवीहून तें काम कमी मोलाचें ठरणार नाहीं.

आतां घरचा विचार. जाहिरातींतला दिवाणखाना आणि आपला दिवाणखाना ह्यांत फरक असतो. 'किनेक्ट'ला एका खेळणाऱ्यासाठीं सुमारें ६ फूट आणि दोघांसाठीं ८ फूट अंतर हवें. दिवाण, शोकेस आणि टीपॉय ह्यांनीं व्यापलेल्या खोलींत एवढी मोकळी जमीन निघते कीं नाहीं हें आधीं टेपानें मोजावें, मग पैसे मोजावेत. मनगटाची दोरी ही शोभेची वस्तु नव्हे. २००६ च्या डिसेंबरांत निन्टेंडोला सुमारें ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली, कारण त्या तुटून रिमोट हातांतून उडत. आपल्याकडे वर पंखाही फिरत असतो, हें ध्यानांत ठेवावें. मात्र ह्या यंत्राची एक न्याय्य वेळ आमच्या प्रदेशांत आहे, ती वैशाखांतली दुपार. पारा ४२ अंशांवर गेला असतां मुलाला मैदानावर पाठविणारा पालक शहाणा नव्हे. त्या चार तासांचा हा सोबती असावा. संध्याकाळ झाली कीं त्यानें मैदानाला जागा द्यावी.

खेळ निवडतांना तीन प्रश्न विचारावेत. पहिला : बसून, नुसतें मनगट हालवून तेंच साधतें काय? साधत असेल तर तो खेळ बटणांवरच बरा. दुसरा : हरल्यावर दोष आपला वाटतो कीं यंत्राचा? 'किनेक्ट'वरील 'स्टील बटॅलियन : हेवी आर्मर' ह्या २०१२ सालच्या खेळाची टीकाकारांनीं जी झोड उठविली ती ह्याच मुद्द्यावर, हात एक सांगे आणि यंत्र दुसरेंच ऐके. तिसरा : घरांतील दोन पिढ्या तो एकत्र खेळूं शकतात काय? ह्या कसोट्यांना बोलिंग उतरतें, २००९ सालच्या 'वी स्पोर्ट्स रिझॉर्ट'मधील धनुर्विद्या आणि टेबल-टेनिस उतरतात, 'बूम ब्लॉक्स' उतरतो. 'एकांत शंभर खेळ' अशी पाटी लावलेलें यंत्र बहुधा पहिल्याच प्रश्नाला अडखळतें. शंभर पोकळ झटक्यांपेक्षां एक खरा टोला अधिक दिवस टिकतो.

ह्या यंत्राच्या बाबतींत शेवटीं पणाला लागतात ते नुसते पैसे नव्हेत. मूल खेळांतून एक गोष्ट फार लौकर शिकतें : जगांत श्रमाला किंमत आहे कीं नाहीं. जो खेळ पुऱ्या हाताला आणि आळशी मनगटाला एकच बक्षीस देतो, तो त्याला रोज सांगत असतो कीं ढोंग केलें तरी चालतें. गुणपत्रिकेसाठीं दिवसभर बसणाऱ्या आमच्या मुलांना हा धडा आणखी एका यंत्राकडून मिळावयास नको. म्हणून पालकांस एवढेंच सुचवावयाचें : विकत घेण्याआधीं तो खेळ स्वतः एकदां नीट आणि एकदां लबाडीनें खेळून पाहावा, आणि दोहोंचें फळ निरनिराळें आलें तरच घरीं आणावा.