कायद्याचे तीन दरवाजे

अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानाने राज्यसत्तेचे तीन भाग पाडले. काँग्रेसने कायदे करावेत, अध्यक्षाने ते राबवावेत आणि न्यायालयाने त्यांचा अर्थ लावावा. सत्ता एका हाती एकवटली की जुलूम ओढवतो, हा त्यामागील विचार लोकशाहीला पोषकच आहे. तथापि हीच विभागणी मालमत्तेचीही ढाल होऊ शकते. मंदीने होरपळलेल्या जनतेसाठी रूझवेल्ट सरकारने केलेले महत्त्वाचे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३५-३६ साली रद्द ठरविले. १९३७ साली त्याच न्यायालयाने स्त्रियांच्या किमान वेतनाचा एका राज्याचा कायदा मान्य केला. संविधान तेच राहिले. बदलला तो त्याचा अर्थ, आणि त्यामागे लोकमताचा रेटा होता.

भारतात मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येते व त्यालाच जबाबदार असते. म्हणून अमेरिकेइतकी काटेकोर विभागणी येथे नाही. परंतु श्रमिकाला तिन्ही दरवाजे ठोठवावे लागतातच. याचा पुरावा शोधण्यास अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

प्रवरा व गोदावरी कालव्यांच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी इंग्रजी अमदानीत दीर्घ मुदतीच्या खंडाने खासगी साखर कंपन्यांकडे गेल्या. जमीन खंडाने देणारा मूळ मालकच पुढे 'खंडकरी' म्हणून ओळखला गेला. १९६१ साली विधिमंडळाने शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा केला. कंपन्यांची प्रचंड क्षेत्रे त्या कायद्याने काढून घेतली, हे पुरोगामी पाऊल होते. पण सलग क्षेत्राचे तुकडे होऊ नयेत व उत्पादन घटू नये, असे कारण देऊन या जमिनी शासनाने आपल्याकडे ठेवल्या आणि १९६३ साली त्यांसाठी शेती महामंडळ स्थापन केले. कंपनी गेली, महामंडळ आले; खंडकरी बांधावरच उभा राहिला.

याच कमाल धारणा कायद्याला जमीनदारांनी न्यायालयात आव्हान दिले. १९८० साली वामनराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शेतजमीन सुधारणांना संविधानाने दिलेले संरक्षण वैध ठरविले. कायदा टिकला, पण त्या विजयाने खंडकऱ्याच्या सातबाऱ्यावर एक अक्षरही बदलले नाही.

येथेच कायद्याचे प्रकार ध्यानी घ्यावे लागतात. संविधान तत्त्व सांगते; अधिनियम हक्क देतो; नियम त्या हक्काची रीत ठरवितात; शासन निर्णय अंमलबजावणीचा आदेश देतो; न्यायनिर्णय या सर्वांचा अर्थ पक्का करतो. आणि अखेरीस तलाठ्याच्या दप्तरातील नोंद असते. धनिकाला पहिल्या पायरीवर हरले तरी चालते, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर वकील उभा करण्याची त्याची ऐपत असते. गरिबाला मात्र प्रत्येक पायरी जिंकावी लागते. एक जरी निसटली तरी आधीचे सारे विजय कागदावर राहतात.

माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी खंडकऱ्यांचा लढा मोर्चा, विधिमंडळ आणि न्यायालय या सर्व आघाड्यांवर नेला. प्रत्यक्ष जमीनवाटप सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. मूळ कायद्याला तोवर अर्धे शतक लोटले होते आणि हक्क मागणारी एक पिढी काळाआड गेली होती. मिळालेली जमीनही भोगवटादार वर्ग २ ची. ती वर्ग १ व्हावी म्हणून पुन्हा मागणी करावी लागली. ज्या शेतमजुरांनी महामंडळाच्या मळ्यांत आयुष्य घालविले, त्यांच्या घरांचा व देण्यांचा प्रश्न तर यादीत सर्वांत खाली राहिला.

यावरून न्यायालये वा विधिमंडळे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. तिन्ही संस्थांचे परस्परांवरील अंकुश सैल झाले तर पहिला बळी दुर्बळाचाच पडतो. निष्कर्ष वेगळा आहे. विधेयक संमत झाले की विजयसभा घेऊन कार्यकर्त्यांनी पांगण्याची चाल सोडली पाहिजे. नियम कधी निघाले, शासन निर्णयात कोणती अट घुसविली गेली, स्थगिती कोणी मिळविली, फेरफार कोठे अडला, याचा पाठपुरावा हेच चळवळीचे दैनंदिन काम आहे. राज्यसत्तेचे भाग तीन असतील. त्या तिन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवणारी शक्ती संघटित जनतेखेरीज दुसरी नाही.