स्वस्त तिकीट आणि महाग घाई

गेल्या आठवड्यात एका स्नेह्यांच्या पेढीवर गेलो होतो. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी विचारले, "काका, मे महिन्यात घरातील सहा जण युरोपला जाणार आहोत. तिथल्या रेल्वेची तिकिटे आजच काढून मोकळे होऊ का?" प्रश्न सरळ आहे, पण घाईने दिलेल्या उत्तराची किंमत मी स्वतः मोजलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि आपण धावपळ करतो ती जागेसाठी. भाडे बहुतेक गाड्यांत तेच राहते. युरोपात जागा सहसा मिळते, वाढते ते भाडे. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, जर्मनीची आयसीई या जलद गाड्यांत स्वस्त तिकिटांचा साठा मर्यादित असतो. तो संपला की त्याच आसनाला दुपटीहून अधिक दर पडू शकतो. अशा गाड्यांची तिकिटे साधारण तीन ते चार महिने आधी पाहावीत. जर्मनीत ती सहा महिने आधीही मिळतात.

याउलट फ्लॉरेन्सहून पिसाला जाणाऱ्या साध्या प्रादेशिक गाडीचे भाडे आज काढा वा त्याच दिवशी काढा, सारखेच. तेथे घाईचा काडीचाही लाभ नाही. मात्र इटलीत असे कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे लागते. विसरल्यास दंड होतो.

कोठे काढावीत? शक्यतो त्या त्या देशाच्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर. ही संकेतस्थळे इंग्रजीतही आहेत. मध्यस्थांची ॲप्स अनेक देशांची तिकिटे एकत्र देतात, ही सोय खरी; पण पुष्कळदा त्यांचे शुल्क वेगळे असते. इटलीत सरकारी ट्रेनइटालियाशी इटालो या खासगी कंपनीची स्पर्धा आहे, तेव्हा दोन्हीकडचे दर पडताळावेत. स्थानकाचे नावही नीट वाचावे. पॅरिसमध्ये लंडनची गाडी गार द्यु नोर येथून सुटते, तर झुरिचची गार द लियों येथून.

आता माझी गोष्ट. २०१८ साली आम्ही पाच जण निघणार होतो. सर्वांत स्वस्त तिकिटे पाहून मी चार महिने आधीच पॅरिस ते झुरिच आणि मिलान ते रोम अशी सगळी तिकिटे काढली आणि घरी मोठ्या अभिमानाने बचतीचा आकडा सांगितला. सूनबाईंच्या पासपोर्टचे नूतनीकरण मात्र राहिले होते. त्यामुळे व्हिसाचा अर्ज लांबला आणि व्हिसा हाती आला तेव्हा पहिली गाडी सुटून दोन दिवस झाले होते. तिकिटे परतावा न मिळणारी होती. पुढे नव्या तारखांना तिकिटे घेताना वाचवलेले पैसे तर गेलेच, वर गाठीचेही गेले. आयुष्यभर इतरांची कागदपत्रे तपासणाऱ्या माणसाने घरचीच तपासली नाहीत, हा दोष कोणाच्या माथी मारू?

स्वस्त तिकीट म्हणजे मुदत ठेव. महाग तिकीट म्हणजे चालू खाते. ठेव मोडली की नुकसान होते. म्हणून ज्या पैशांची तारीख पक्की, तेच ठेवीत गुंतवावेत. इटलीत हाच फरक तीन दरांत दिसतो : 'सुपर इकॉनॉमी' सर्वांत स्वस्त, पण बदलता येत नाही, 'इकॉनॉमी' फरक भरून बदलता येते, 'बेस' महाग, पण काही कपात होऊन परतावा मिळतो. मात्र कंपनीनेच गाडी रद्द केली, तर युरोपीय नियमांनुसार स्वस्त तिकिटाचेही पैसे परत मागता येतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ दिवसही लागतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत अर्ज करावा आणि व्हिसा हाती आल्यावर फेब्रुवारीत जलद गाड्यांची तिकिटे काढावीत. तेव्हाही दर बरेचसे आटोक्यात असतात. व्हिसापूर्वी काढायचेच असेल, तर रद्द होणारे तिकीट घ्यावे.

स्वित्झर्लंडचा हिशेब निराळा. रोज फिरायचे असेल तर स्विस ट्रॅव्हल पासात रेल्वे, बस आणि बोट तिन्ही येतात, आणि आईवडिलांसोबतची सोळा वर्षांखालील मुले मोफत जातात. पण युंगफ्राउयोखसारख्या ठिकाणी पासधारकाला केवळ सवलत मिळते, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी बँकेचे दोन शब्द. कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्यावेत. आणि पैसे भरताना "रुपयांत की युरोत?" असे विचारले, तर युरो निवडावे, रुपयांत भरल्यास विनिमयाचा दर समोरचा ठरवतो, आणि तो बहुधा आपल्या हिताचा नसतो.

त्या चिरंजीवांना मी एवढेच विचारले, "सहाही पासपोर्टांची मुदत पाहिलीत का?" ते उठून कपाटाकडे गेले. तिकिटांचा विषय आम्ही त्यानंतर काढला.