निमेसुलाइडला लगाम, पण अर्धाच

१०० मिलिग्रॅमहून अधिक निमेसुलाइड असलेल्या, शरीरात लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांवर केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये बंदी घातली. बारा वर्षांखालील मुलांना हे औषध देण्यास २०११ मध्येच मनाई झाली होती. यकृतावरील दुष्परिणामांमुळे फिनलंड व स्पेनने ते २००२ मध्येच थांबविले. अमेरिकेने तर त्याला कधी परवानगीच दिली नाही. हे पाहता दिल्लीची जाग उशिराचीच म्हणावी लागेल.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही याच कुळातील औषधे. स्टिरॉइड नसलेली दाहशामके, ही त्यांची शास्त्रीय ओळख. रासायनिक घडण निरनिराळी असली, तरी काम एकच. इजा झालेल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण करतात. त्यातून सूज, ठणका आणि ताप येतो. ही द्रव्ये घडविणाऱ्या सायक्लोऑक्सिजिनेज या विकराला ही औषधे अडवितात. अ‍ॅस्पिरिनबाबत हे १९७१ मध्ये दाखवून देणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

मात्र या विकराचे दोन प्रकार आहेत. कॉक्स-१ जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि रक्त गोठण्यास मदत करते. कॉक्स-२ प्रामुख्याने दाहाच्या जागी वाढते. जुनी औषधे दोघांनाही अडवितात, म्हणून जठरात व्रण होतात. मग केवळ कॉक्स-२ रोखणारी औषधे आली. पोट वाचले, पण हृदयविकाराचा धोका वाढला. त्यामुळेच मर्क कंपनीला सप्टेंबर २००४ मध्ये रोफेकॉक्सिब जगभरातून मागे घ्यावे लागले. निमेसुलाइडचाही रोख कॉक्स-२ वर अधिक. त्याची खरी डोकेदुखी मात्र यकृताची.

ताज्या बंदीतील उणीव येथेच आहे. १०० मिलिग्रॅमची गोळी बाजारात राहिली असून, दोन गोळ्या एकदम घेणाऱ्यास अडविणारे कोणी नाही. निमेसुलाइड डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाही, हा नियम कागदावर जुनाच आहे. औषधांच्या दुकानात मात्र 'अंगदुखीची गोळी' एवढे म्हटले तरी पुरते. पावसाळ्यात हा सैलपणा अधिक महाग पडतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात आणि अशा वेळी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्राव बळावतो. म्हणूनच अशा तापात जागतिक आरोग्य संघटना या औषधांऐवजी पॅरासिटामॉल सुचविते, तेही मर्यादित मात्रेतच.